मानी बाईची पिशवी

चर्चच्या मंडळीत तिला सगळे मुकादम म्हणत. तोंडावर म्हणत, माघारी म्हणत, आणि पाळकसाहेब तर उपासनेनंतर सूचना देतानाही म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. उमेदीची सगळी वर्षं तिने एका वसतिगृहाच्या धुलाईखान्यात काढली होती, आणि तिथे चादरीची घडी बोटभर चुकली तरी ती अख्खी चादर उलगडून पुन्हा घालायला लावायची. निवृत्त झाल्यावर ही सगळी शिस्त कुठेतरी ओतायला हवीच होती. ती तिने चर्चच्या मागच्या खोलीत ओतली.

त्या खोलीत दर गुरुवारी पिशव्या भरल्या जात. ज्यांच्या घरी ओढाताण आहे अशांसाठी तांदूळ, पीठ, तेल, बटाटे, साबण, आणि लहान मूल असेल तर दुधाची पावडर. मंडळीतले लोक आपापल्या परीनं आणून टाकत, मुकादम त्याचे वाटे करी, आणि शनिवारी सकाळी पिशव्या घरोघर जात. पिशवीचे कान ती स्वतः नाडीनं बांधायची. गाठ अशी, की सोडवायला दात लावावे लागत.

तिचे नियम होते आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. पिशवी कुठल्या घरची, हे भरणाऱ्यांनी विचारायचं नाही. ते फक्त दवाखान्यातल्या नर्सताईला आणि पोचवणाऱ्याला ठाऊक. चैनीचं काही भरायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पिशवी दारात ठेवायची, दार वाजवायचं आणि दार उघडायच्या आत दिसेनासं व्हायचं.

"देणारा समोर उभा राहिला की घेणाऱ्याची मान खाली जाते," ती म्हणायची. "कुणाला मान खाली घालायला लावायची हौस असेल, तर त्याने दुसरीकडे जाऊन पुण्य कमवावं."

नियम सोन्यासारखा होता, पण तो पाळायचं काम आलं होतं ऑर्गनमास्तरांकडे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे हे गृहस्थ देहानं भरघोस, मनानं त्याहून भरघोस, आणि पळणं ही गोष्ट त्यांच्या घराण्यात कुणी केलेली नव्हती. दार वाजवलं की ते लगबगीनं निघत आणि जे पहिलं दिसेल त्याच्या आड लपत. कधी कचऱ्याचा डबा, कधी वाळत घातलेली चादर, एकदा तर विजेचा खांब. घेणारी माणसं सज्जन होती. खांबाच्या दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या मास्तरांकडे न बघता ती पिशवी उचलून आत जात.

आता मुकादमच्या घरचं सांगायला हवं, कारण ती स्वतः मेली तरी सांगणार नाही. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटर म्हणत. बाजाराच्या रस्त्यावर निम्म्या दुकानांवर अजून त्याचीच अक्षरं होती, गोल, टपोरी, जरा मिजाशीत उभी राहिलेली. मग त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी थोडा, मग ब्रश धरवेना इतका. काम गेलं. तिची पेन्शन तुटपुंजी, ती घरभाड्यातच संपायची. शिलकीला हात लागला आणि ती बघता बघता आटली. त्यानंतर घरातल्या वस्तू एकेक करून 'दुरुस्तीला' जाऊ लागल्या. शिलाई मशीन गेलं, रेडिओ गेला, चांगल्या खुर्च्या गेल्या. दुरुस्त होऊन मात्र काहीच परत येईना.

हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं. कुणी भेटायला येऊ का म्हटलं की ती लगेच म्हणायची, "आत्ता नको, त्यांचा नुकताच डोळा लागलाय." त्या वेळी पेंटर खिडकीशी टक्क जागा असायचा. माणूस मूळचा बोलघेवडा. शिडीवर चढला की खाली चार माणसं जमवून गप्पा हाणत काम करायचा. आता बायको सोडून त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं, आणि बायकोही हल्ली कमीच बोलायची.

कॉफी त्याचा जीव की प्राण. "डॉक्टरांनी कॉफी बंद करायला सांगितलीय," तिने एकदा सांगितलं. "बरं," तो म्हणाला. नंतर थरथरीवरची गोळीही रोज अर्धीच द्यायची वेळ आली. "डॉक्टरांनी डोस कमी केलाय." तो त्यालाही "बरं" म्हणाला. डॉक्टरांसमोर तो स्वतः बसला होता आणि डॉक्टर असं काही बोलले नव्हते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिच्या प्रत्येक थापेला तो मुकाट्यानं मान डोलवायचा. इतकं प्रेम करणारा नवरा मिळालाय हे तिला कळत नव्हतं असं नाही, पण ते कबूल केलं असतं तर थापाही कबूल कराव्या लागल्या असत्या.

रोज सकाळी ती सुरीनं गोळी कापायची. पिवळट, लांबट गोळी, सुरीखाली तिचा भुगा व्हायचा. तो भुगा बोटानं टिपून ती त्याच्या जिभेवर ठेवायची. अर्ध्या गोळीनं हात काही ऐकत नव्हता. आता त्याला पाण्याचा पेलाही दोन्ही हातांनी धरावा लागे आणि तरी निम्मं पाणी सदऱ्यावर सांडे. आणखी काही दिवसांनी घास तरी तोंडापर्यंत नेता येईल की नाही, या विचारानं तिची झोप उडाली होती.

एवढं असूनही दर गुरुवारी आपल्या घरचे वाटीभर तांदूळ घेऊन ती चर्चमध्ये जायचीच. रिकाम्या हातानं गेलं तर लोक काय म्हणतील?

अशाच एका गुरुवारी नर्सताई म्हणाली, "मुकादम, एक नवीन घर वाढलंय."

"कुठलं?" सवयीनं मुकादमच्या तोंडून निघून गेलं.

"ते विचारायचं नाही ना? तुमचाच नियम."

"बरोबर. परीक्षा घेत होते तुझी." मुकादमनं नवी पिशवी झटकून उघडली. "माणसं किती?"

"दोघंच. नवरा-बायको. वय झालंय. नवरा आजारी असतो, काम सुटलंय."

"आणि बायको?"

नर्सताईनं एक बटाटा उगाच उलटापालटा करून बघितला. "बायको जरा मानी आहे."

"मानी म्हणजे?"

"म्हणजे घरात काही नसलं तरी ताकास तूर लागू देणार नाही."

"अशा बायकांचा मला फार राग येतो," मुकादम तांदूळ ओतता ओतता म्हणाली. "अगं, आपण इथे कशाला बसलोय? दोन शब्द बोलायचे, झालं. तोंड उघडायला काय जातं? स्वतःचा ताठा सांभाळायचा आणि त्या बिचाऱ्या नवऱ्याला उपाशी ठेवायचं. भेटू दे मला एकदा, चांगली कानउघाडणी करते."

ऑर्गनमास्तर कोपऱ्यात साबणाच्या वड्या मोजत होते. त्यांना एकदम ठसका लागला आणि ते बाहेर जाऊन बराच वेळ खोकत राहिले.

राग राग म्हणत असली तरी ती पिशवी मुकादमनं जीव लावून भरली. तांदूळ काकणभर जास्तच घातले. नवरा आजारी आहे म्हणून बटाटे एकेक चाचपून मऊसूत शिजतील असे निवडले. तेलाची बाटली कागदात गुंडाळली. नर्सताईनं हळूच कॉफीचा एक छोटा डबा आत सरकवला, तो मात्र तिने तेवढ्याच हळूच बाहेर काढला.

"चैन नाही."

"अहो, म्हाताऱ्याला आवडते म्हणे."

"आवडायला काय, मलाही पुष्कळ काही आवडतं." आणि तिने नाडी ओढून गाठ मारायला घेतली. तेवढ्यात पाळकसाहेबांनी हाक मारली म्हणून तिला उठावं लागलं. परत आली तेव्हा गाठ नर्सताईनं मारून ठेवली होती. जरा ढिली होती, पण दिवसभर उभी राहून मुकादमचे पाय बोलायला लागले होते, म्हणून तिने सोडून दिलं.

शनिवारी सकाळी मुकादमच्या घराचं दार वाजलं.

ती आत भांडी घासत होती. हात पुसत येऊन दार उघडते तो बाहेर कुणी नाही. पायरीवर पिशवी. आणि समोरच्या घराच्या कुंपणामागून, नीट बघितलं नाही तरी दिसावी अशी, ऑर्गनमास्तरांची पाठ.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकीचं घर! इतकी वर्षं पिशव्या पोचवून या माणसाला अजून दारं ओळखता येत नाहीत! तिकडे ती मानी बाई वाट बघत बसली असेल आणि पिशवी आली इथे. ती काही बोलणार तोच पाठ कुंपणावरून खाली गेली आणि मास्तर गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले. आजच नेमके त्यांना पाय फुटले होते.

पिशवी आपल्यासाठी असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. जगात कुणाच्याही घरी गरज असू शकते, आपलं घर सोडून, असं ती इतके दिवस लोकांना भासवत होती, आणि भासवता भासवता तिचं तिलाही ते पटलं होतं.

पिशवी बाहेर कशी ठेवणार, म्हणून तिने ती आत ओढून घेतली. पेंटर खिडकीशी होता. त्याचे डोळे लकाकले.

"अगं, कुणीतरी आपल्याला..."

"आपल्याला नाही. हात लावू नका. दुसऱ्याच्या तोंडचा घास आहे तो."

"बघू तरी काय काय आहे." त्याने बसल्या जागेवरून मान लांब करून पिशवीच्या फटीतून डोकावलं. "तांदूळ. बटाटे. कॉफी नाही वाटतं. भरणारा माणूस मोठा कडक दिसतोय."

मुकादमचा चेहरा खर्रकन उतरला. तो मात्र मिस्कील हसत होता. मग हसणं ओसरलं आणि तो हळूच म्हणाला, "आपल्यासाठी का नसेल गं?"

तिने चप्पल पायात सरकवली, पिशवी उचलली आणि निघाली.

पिशवी जड होती. ती स्वतःच जास्तीचे तांदूळ घातल्याचा पश्चात्ताप करत, दर कोपऱ्यावर पिशवी टेकवत, मास्तरांना मनातल्या मनात लाखोली वाहत चर्चपाशी पोचली. मागच्या खोलीत नर्सताई आणि मास्तर रिकामी खोकी रचत होते. तिला बघताच मास्तरांच्या हातातलं खोकं खाली पडलं.

"चुकीच्या दारात ठेवलीत!" मुकादमनं पिशवी टेबलावर आदळली. "माझ्या दारात! मी आणली म्हणून बरं. आता आधी ज्यांची आहे त्यांच्याकडे पोचवा. ती बाई तशीही मागायला येणार नाही, नर्सताईच तर सांगत होती."

मास्तरांचे कान लाल झाले होते. नर्सताईनं एकदा मास्तरांकडे बघितलं, मग पिशवीची ती ढिली गाठ सोडली, तांदळाच्या खाली हात घातला आणि एक पाकीट बाहेर काढून मुकादमच्या पुढे ठेवलं.

"हे मी नंतर घातलं होतं," ती म्हणाली. "त्या बाईच्या नवऱ्याच्या गोळ्या आहेत. महिनाभराच्या."

मुकादमनं पाकीट उघडलं. पिवळट, लांबट गोळ्या होत्या. अख्ख्या.

ती बघतच राहिली. मग तिने स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"औषधाच्या दुकानात पेंटर एकटेच आले होते, मी त्यांच्या मागेच उभी होते," नर्सताई हळू आवाजात म्हणाली. "अर्धीच पट्टी द्या म्हणाले. मला बघून ओशाळले आणि म्हणाले, हिला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

"मी काय म्हणाले होते गं गुरुवारी?"

"जाऊ दे ना ते."

"तोंड उघडायला काय जातं, म्हणाले होते." मुकादमनं पदराचं टोक मुठीत आवळून धरलं. "काय जातं ते सांगू तुला? सगळं जातं. इतकी वर्षं मी इथे वाटे करणारी. लोकांच्या घरात काय आहे, काय नाही, ते तोलून देणारी. मी कुठल्या तोंडानं सांगू, की आज माझाच डबा रिकामा आहे?"

आणि मग मुकादम रडली. आजवर मंडळीत कुणीही तिला रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. नर्सताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मास्तरांनी खिशातून टेबलावर अंथरता येईल एवढा रुमाल काढून पुढे केला आणि अपराधी आवाजात म्हणाले, "मुकादम, पुढच्या वेळी मी नीट लपेन."

रडता रडता तिला हसू फुटलं. "मास्तर, तुम्ही आजवर एकदा तरी लपला आहात का? सगळं गाव तुम्हाला बघतं आणि बघितलं नाही असं दाखवतं."

मास्तरांना ही बातमी नवी होती. ते स्वतःच्या पोटाकडे बघत राहिले.

पिशवी तिथेच सोडून ताठ मानेनं घरी जाता आलं असतं. ते तिला जमलंही असतं, तेवढी धमक तिच्यात होती. पण घरी गेल्यावर पुन्हा सुरी घेऊन बसावं लागलं असतं. तिने पाकीट परत तांदळाच्या कुशीत ठेवलं, गाठ पुन्हा आपल्या पद्धतीनं आवळून मारली आणि उठली.

"मास्तर, एक कान तुम्ही धरा. मला एकटीला नाही पेलायची."

"मी मागच्या गल्लीनं नेऊन ठेवतो ना," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "कुणाला दिसणार नाही."

"मागच्या गल्लीनं नाही. रस्त्यानं."

शनिवारची सकाळ, बाजार भरलेला. पेंटरच्या टपोऱ्या अक्षरांखालून दोघं पिशवी मधे धरून चालली. चर्चची पिशवी सगळा बाजार ओळखायचा. बेकरीवाला बघत होता, न्हावी बघत होता, मंडळीतल्या दोघी-तिघी भाजी घेता घेता थांबल्या. आपली मान आता खाली जाणार, असं मुकादमला प्रत्येक दुकानाशी वाटत होतं. पण मास्तर उंच आणि ती ठेंगणी, त्यामुळे सगळा भार तिच्याकडे कलत होता आणि मान वर करून चालल्याशिवाय तोल राहत नव्हता. बेकरीवाल्यानं मान हलवली. तिनेही हलवली.

घराशी आल्यावर तिने स्वतःच्याच दारावर टकटक केली. आवाज झाल्याबरोबर मास्तरांनी पिशवीचा कान सोडला आणि वळून चालायला लागले. इतक्या वर्षांची सवय ती. मुकादमनं त्यांची बाही पकडली.

"कुठे निघालात?"

"नियम..."

"उभे राहा इथे. कोण आलंय ते त्यांना बघू दे."

दार उघडायला वेळ लागला, कारण कडी काढायलाही आता पेंटरला दोन्ही हात लागत. दार उघडलं. त्याने आधी बायकोकडे बघितलं. तिचे डोळे लाल होते. मग पिशवीकडे बघितलं, आणि मग मास्तरांकडे. आणि त्याचा चेहरा उजळला. पिशवी बघून तो इतका उजळला नव्हता.

"मास्तर! अहो, या, या! आत या!"

त्यांचा डोळा लागलाय, हे शब्द सवयीनं मुकादमच्या ओठांवर आलेच होते. तिने ते गिळले आणि दारातून बाजूला झाली.

खोलीत एक खुर्ची आणि एक खाट. जिथे मशीन होतं तिथे भिंतीवर नुसता चौकोनी डाग. मास्तरांना सगळं दिसलं. ते खाटेवर बसले आणि खाट कण्हली. पेंटर म्हणाला, "घाबरू नका, तिनं माझे मेहुणे पेललेत," आणि दोघं हसले.

मग पेंटर जो सुटला तो थांबेना. कुठल्या पाटीचं अक्षर मालकानं तीनदा पुसायला लावलं, शिडीवरून पडताना रंगाचा डबा कुणाच्या डोक्यावर गेला, सगळं. मास्तर मांडीवर थाप मारून दाद देत होते. आत मुकादमनं पेल्यात पाणी घेतलं आणि पाकिटातून एक गोळी काढली. सुरीकडे तिचा हात गेला नाही. बाहेर येऊन तिने गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. तो बोलता बोलता थांबला. थरथरत्या हातावरच्या त्या अख्ख्या गोळीकडे त्याने बघितलं, मग तिच्याकडे.

"डॉक्टरांनी डोस वाढवला वाटतं?"

"डॉक्टरांनी कधी कमी केलाच नव्हता," ती म्हणाली. मास्तरांसमोर म्हणाली. "मी कमी केला होता. घरात नव्हतं म्हणून."

"मला माहितीये गं," पेंटर म्हणाला, आणि त्याने गोळी तोंडात टाकली. पेला मास्तरांनी धरला.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभी राहिली. नवरा पुन्हा बोलायला लागला होता आणि त्याचं हसणं घरभर ऐकू येत होतं. तिला ती सगळी दारं आठवली, ज्यांच्याबाहेर तिच्या हुकमानं पिशव्या ठेवून मास्तर निघून गेले होते. त्या दारांच्या आतही कुणीतरी खिडकीशी बसलेलं असेल. तांदूळ पोचले होते. माणूस एकही पोचला नव्हता. आपण इतकी वर्षं चांगलंच केलं, यात तिला शंका नव्हती, पण ती दारं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

बऱ्याच वेळानं मास्तर उठले. पेंटर दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेला आणि उंबरठ्यात त्यांचा हात धरून उभा राहिला.

"परत कधी येताय?"

मास्तरांनी घाबरून मुकादमकडे बघितलं.

"पुढच्या शनिवारी," तीच म्हणाली. "पिशवी घेऊन येतील. आणि दार वाजवून आत येऊन बसतील."